गड जागतिक वारसा झाला, पायथ्याच्या गावाचं काय? पर्यटन खात्याला खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय पर्यटन मंत्रालय, महाराष्ट्र शासनाचा पर्यटन विभाग, आणि पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनाचे आराखडे जे जे कोणी बनवतात ते सगळे साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

हे आधी साधा अर्ज म्हणून लिहायला घेतलं होतं. पण अर्जाला इनवर्ड नंबर मिळतो, तो नंबर आपल्याकडे राहतो आणि अर्ज कुठे जातो ते कुणालाच कळत नाही, म्हणून म्हटलं सरळ सगळ्यांसमोरच लिहावं.

निमित्त एका नोटिशीचं आहे. राजगडाच्या पायथ्याच्या एका गावात माझं माहेर. तिथे माझी वहिनी गडाच्या वाटेवर टपरी लावते, ताक, लिंबू सरबत, कांदाभजी, आणि आधी फोन केला तर घरी पिठलं-भाकरी, ठेचा, भात असं जेवण. तिला आणि आजूबाजूच्या बाकीच्यांना नोटीस आली की अतिक्रमण आहे, सात दिवसांत काढा, नाहीतर आम्ही काढू आणि खर्चही तुमच्याकडूनच घेऊ. कुठल्या खात्याची ते इथे लिहीत नाही, कारण भांडण एका खात्याशी नाहीये, आणि खरं सांगायचं तर त्या कागदावर सही करणारा माणूसही वरून आलेलं कामच करतोय. पण वेळ बघा. 11 जुलै 2025 ला युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आपल्या पुणे जिल्ह्यातले. आमच्या गावात त्या दिवशी पेढे वाटले हो. आता दिवस येतील असं सगळे म्हणत होते. आणि आले काय तर हे.

माझी ओळख थोडक्यात. मी पुण्यात धायरीत राहते, शनिवार-रविवारी ट्रेकचे ग्रुप घेऊन जाते आणि मधल्या वारी कुणी आलं तर कसबा पेठ, शनिवारवाडा, मंडई अशी पायी फिरवून शहर दाखवते. माझं घर याच्यावर चालतं, त्यामुळे पर्यटन वाढू नये असं म्हणायची माझी इच्छाही नाही आणि ऐपतही नाही. वाढू दे, भरपूर वाढू दे. माझं म्हणणं एवढंच आहे की धोरणात तुम्ही किती माणसं आली आणि किती कोटी गुंतवले ते मोजता, पण आलेल्या माणसाच्या खिशातला पैसा त्या गावात किती राहिला ते कुणीच मोजत नाही. आणि जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी कुणी काही करतही नाही, हा आमचा अनुभव.

कागदावर सगळं छान आहे, ते मी वाचलंय. 2002 च्या राष्ट्रीय पर्यटन धोरणात स्वागत, सूचना, सुविधा, सुरक्षा, सहयोग, संरचना, सफाई असे सात स होते. 2021 साली नव्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा आला, त्यात हरित पर्यटन, डिजिटल पर्यटन, मनुष्यबळाचं प्रशिक्षण, लहान उद्योगांना आधार असं सगळं होतं. आपल्या राज्याने 2024 मध्ये पर्यटन धोरण आणलं, 10 वर्षांत 1 लाख कोटींची गुंतवणूक आणि 18 लाख रोजगार. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत (पर्यटनस्थळं विकसित करायची योजना) पहिल्या टप्प्यात 76 प्रकल्प आणि 5 हजार कोटींच्या वर रक्कम मंजूर झाली, पुढे कॅगने, म्हणजे सरकारचा हिशोब तपासणाऱ्यांनी, 2023 च्या अहवालात त्याच्या नियोजनावरच बोट ठेवलं ते वेगळं. देशाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा 5 टक्क्यांच्या आसपास आहे हे आकडे तुम्हीच काढता. मग ज्या देशाला एवढा हिशोब येतो त्याला एका तालुक्याचा हिशोब का येत नाही? 18 लाखांतले रोजगार कुठले, कुणाचे, किती महिने चालणारे, हे आमच्या गावच्या सरपंचाला विचारा, त्याला माहीत नाही. मलाही नाही.

आता एकेक सांगते, क्रम थोडा इकडेतिकडे होईल.

पहिली गोष्ट पैशाची. पुण्यातून राजगडचा एका दिवसाचा ट्रेक साधारण हजार-बाराशे रुपये पर हेड असतो. त्यात बस, ट्रेक लीडर, नाश्ता, जेवण, ऑनलाइन जाहिरात, बुकिंग अॅपचं कमिशन. गावातल्या घराला एका ताटाचे सव्वाशे-दीडशे मिळतात, आणि तेही मोठा ग्रुप असला की घासाघीस करून शंभरवर आणतात, मी स्वतः या धंद्यात असल्यामुळे मला माहीत आहे. मोठ्या गाड्या आल्या तर पुण्यातूनच पॅक केलेलं जेवण घेऊन येतात. म्हणजे माणूस चढतो आमच्या गडावर, सकाळी आमच्या अंगणात हातपाय धुतो, चहा पितो, कचरा ठेवून जातो आणि पैसा संध्याकाळी त्याच बसने पुण्याला परत. वहिनी म्हणते, "ताई, पब्लिक लय वाढलंय, पन माजी चूल हाय तेवढीच हाय." यात ट्रेक कंपन्यांचीच चूक आहे असं मी म्हणत नाही, त्यांचंही मार्जिन फार नसतं. पण धोरण म्हणून कुणी ठरवलं का, की वारसा किल्ल्यावर ग्रुप नेणाऱ्याने जेवण, वाटाड्या आणि मुक्काम यातलं किमान काहीतरी गावातून घेतलंच पाहिजे? केरळात कुमारकोमला 2008 पासून हे करून दाखवलंय. तिथे पंचायत, कुटुंबश्री या बचत गटांच्या बायका आणि हॉटेलवाले एकत्र बसले, भाजीपाला गावातून घ्यायचं ठरलं, दर ठरवायला समिती केली, आणि पुढे 2017 मध्ये त्यांनी पूर्ण राज्यासाठी वेगळं जबाबदार पर्यटन मिशनच काढलं. हॉटेलवाल्यांनी सुरुवातीला कुरकुर केली असणारच, कोण नाही करत. पण तिथे सरकार मध्ये बसलं, आणि आपल्याकडे सरकार नोटीस देऊन निघून जातं.

दुसरी गोष्ट त्या नोटिशीची. गड राज्य पुरातत्त्वचा, उतारावरचं जंगल वन खात्याचं, रस्ता बांधकाम खात्याचा नाहीतर झेडपीचा, आणि गावठाण ग्रामपंचायतीचं. शिवनेरी आणि लोहगडाला तर केंद्राचं पुरातत्त्व खातं. एका टपरीवाल्या बाईने परवानगी मागायची तर कुणाकडे? आम्ही विचारलंय. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं आमच्याकडे अशी परवानगी देण्याची तरतूदच नाही. म्हणजे परवाना देणारं कोणी नाही, आणि परवाना नाही म्हणून काढणारे मात्र सगळे. पुण्यात लक्ष्मी रोडवर पथारी लावणाऱ्याला 2014 चा पथविक्रेता कायदा तरी आहे, सर्वेक्षण करा, ओळखपत्र द्या, हटवायच्या आधी तीस दिवसांची नोटीस द्या असं त्यात लिहिलंय, पाळतात किती तो प्रश्न वेगळा. पण तो कायदा शहरांसाठी. गडाच्या पायथ्याला किंवा धबधब्याशेजारी जी बाई मक्याची कणसं भाजते तिच्यासाठी असा कुठलाच कायदा नाही. वारसा जपायला हवा हे आम्हालाही कळतं साहेब. तटबंदीला टेकून कुणी पत्र्याचं शेड मारलं तर ते काढाच, आम्ही स्वतः येऊन काढू. पण वाटेवर ताकाची बादली घेऊन बसलेली बाई आणि सिमेंटचं बांधकाम यात काही फरक करणार की नाही?

आणि हो, याच तालुक्यात पाणलोटाच्या कडेने जे बंगले आणि फार्महाऊस झालेत, पोहायच्या तलावासकट, त्यांच्याकडे नोटीस गेल्याचं ऐकलं नाही. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडच्या वाड्यांवर हंड्यासाठी वणवण असते तेव्हा ते तलाव भरलेले असतात. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तिसरं, संडास. मला माहीत आहे हा विषय आला की बैठकीत सगळे मोबाईल बघायला लागतात. पण मी बाई आहे आणि बायकांचे ग्रुप घेऊन जाते, मला हा विषय टाळता येत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी एकेका गडाच्या पायथ्याला हजारांनी माणसं असतात. कुठे संडास बांधलेला असतो पण पाणी नसतं, कुठे पाणी असतं पण कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो शेतावर गेलेला असतो. मग बायका गावातल्या घरांचे दरवाजे वाजवतात. माझ्या वहिनीच्या घरचा संडास रविवारी सार्वजनिकच असतो म्हणायला हरकत नाही, ती कुणाला नाही म्हणत नाही, पैसेही मागत नाही, कारण "लेकीबाळी हायत, कशी नाय म्हनू". सरकारचं काम ती फुकटात करतेय आणि नोटीसही तिलाच. एक साधा उपाय सांगते, बांधायला लाखो रुपये घालू नका, गावातल्या ज्या घरांना चालेल त्यांच्या संडासाला पाण्याची टाकी द्या, साफसफाईचं महिन्याचं मानधन द्या आणि बाहेर बोर्ड लावा. बचत गट चालवतील. चालवणाऱ्याला पैसे मिळाले की किल्ली हरवत नाही.

चौथं म्हणजे कर्ज आणि कागद. राज्याचं महिलांसाठीचं आई धोरण आहे, त्यात पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज पर्यटन संचालनालय भरणार असं आहे. 2025 च्या केंद्रीय बजेटमध्ये होमस्टेला मुद्रा कर्ज देऊ असं सांगितलं. 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे. खूप छान, मनापासून म्हणते. वहिनीला दोन खोल्या काढायच्या होत्या, स्वच्छ संडास, गरम पाणी, बाकी काही नाही. बँकेत गेलो तर पहिला प्रश्न घर कुणाच्या नावावर. घर सासऱ्यांच्या नावावर, जमिनीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली दोघं मुंबईला, एक वारलेले. व्याज माफ आहे हो, पण मुद्दल मिळायलाच हवं ना आधी! मग फूड लायसन, उद्यम नोंदणी, शॉप अॅक्ट, पोलिसांचं पत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, आणि पोर्टलवर फोटो अपलोड करायचे ते अमुक केबीच्या आतच पाहिजेत. आमच्या गावात रेंज येते ती एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं की. जो माणूस पुण्यात सीए ठेवू शकतो त्याला हे सगळं चार दिवसांत जमतं, आणि मग अनुदानही त्यालाच मिळतं, आणि मग तुमच्या अहवालात येतं की ग्रामीण पर्यटनाला प्रतिसाद उत्तम. गावात येऊन जागा विकत घेऊन रिसॉर्ट काढणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाला ग्रामीण लाभार्थी म्हणून मोजू नका एवढंच मागणं आहे. आमच्या पोरांना तिथे काय मिळतं तर वॉचमन आणि हाऊसकीपिंग.

गाइडचंही तसंच. शासनमान्य ओळखपत्र हवं, असायलाच पाहिजे, कारण वाट्टेल ते इतिहास सांगणारे लोक मी रोज ऐकते आणि कानावर हात ठेवते. पण प्रशिक्षण ठेवता ते मधल्या वारी, शहरातल्या हॉलमध्ये, आणि माझ्या वेळेला तरी सगळं साहित्य इंग्रजीत होतं. राजगडाच्या पद्मावती माचीवरून सुवेळा, संजीवनी, बालेकिल्ला डोळे मिटून फिरणारी आमच्याकडची पोरं, कुठल्या बुरुजाखाली पाणी कधीपर्यंत टिकतं, चोर दरवाजाची वाट पावसात कुठे निसरडी होते हे त्यांना जेवढं माहीत तेवढं कुणालाच माहीत नाही, ती पोरं पेपर इंग्रजीत म्हणून बाहेर. 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने नोंदणी आणली, सुरक्षेसाठी ती चांगलीच आहे, पण कंपनीच्या ट्रेक लीडरला प्रमाणपत्र आणि त्याला वाट दाखवणाऱ्या गावातल्या पोराला तीनशे रुपये आणि एक टी-शर्ट, हे बरोबर आहे का?

आता बंदीबद्दल, कारण यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले, कितीतरी जखमी. दोन्ही रविवार. याच्याबद्दल लिहितानाही कसंतरी होतं, आणि सुरक्षेचा प्रश्न कुणीही हलक्यात घेऊ नये. पण दर वर्षी आपल्याकडे होतं काय, तर दुर्घटना झाली की जिल्हाभर मनाई आदेश, पोलीस बॅरिकेड लावतात, गाड्या परत पाठवतात. भजी-कणीसवाल्यांचं वर्षभराचं उत्पन्न ज्या आठ-दहा रविवारांवर असतं ते रविवार जातात. आणि गर्दी जात नाहीच, ती बॅरिकेड नसलेल्या दुसऱ्या धबधब्यावर जाते, जिथे कोणीच नसतं. दोर, लाइफ जॅकेट, शिट्टी आणि चार पोरं, बस एवढं पाहिजे. गावातली पोरं पावसाळ्याचे तीन महिने जीवरक्षक म्हणून नेमा, प्रशिक्षण द्या, मानधन द्या. अपघात झाल्यावर पहिल्यांदा पाण्यात उतरतात ती हीच पोरं, आत्तासुद्धा, फुकट, आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून. कुठे किती माणसं सोडायची, पाणी कुठपर्यंत आलं की वाट बंद करायची, हे त्यांना तुमच्या आदेशापेक्षा आधी कळतं. आणि पूल कुठला धोकादायक आहे तेही गावाला आधीच माहीत असतं हो, गावाने सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही एवढंच.

सिंहगडावर काय झालं आठवतंय का? मे 2022 मध्ये गडावर खासगी गाड्या बंद करून पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) ई-बस सुरू केल्या. कल्पना एक नंबर, घाटातली कोंडी बघितलेला कुणीही तेच म्हणेल. पण ज्या जीपवाल्यांचं पोट त्या घाटावर होतं त्यांना कुणी विचारलंच नाही, बस अपुऱ्या, चार्जिंगचा घोळ, रविवारी पब्लिक रांगेत तासन्‌तास उभं, आणि काही दिवसांतच सगळं गुंडाळलं. त्याच जीपवाल्यांना ई-गाड्यांसाठी कर्ज देऊन त्यांचीच संस्था केली असती तर? मी नुसतं विचारतेय. आता रोपवेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, या गडाला, त्या गडाला. माझा रोपवेला आंधळा विरोध नाही, म्हाताऱ्या माणसांना, अपंगांना गड बघता आला पाहिजे. पण तो करायच्या आधी ग्रामसभेत येऊन सांगा की वाटेवरच्या टपऱ्या, वाटाडे आणि पायथ्याच्या खानावळी यांचं त्यात काय होणार, तिकिटातला किती पैसा ग्रामपंचायतीला मिळणार. तो आकडा करारात लिहा. तोंडी नको.

तिकिटावरून आठवलं. शनिवारवाड्याचं तिकीट 25 रुपये, ते केंद्राकडे जातं. ठीक आहे, नियम आहे. पण मी ग्रुप घेऊन तिथून कसब्यात तांबट आळीत जाते तेव्हा लोक मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके घालायचं काम, बघतात, हातोड्यांचा आवाज रेकॉर्ड करतात, रील करतात, दोनशे फोटो काढतात आणि निघतात. तांब्याचा एक तांब्याही कुणी घेत नाही, तो महाग वाटतो, आणि तोच हॉटेलात डिस्प्लेला दिसला की ऑनलाइन मागवतात. त्या कारागिरांना शहराच्या पर्यटनातून काय मिळालं? त्यांच्या गल्लीत गाडी लावायला जागा राहिली नाही, हे मिळालं. एखाद्या वाड्यात विक्री केंद्र, सरकारी पाहुण्यांना भेटवस्तू द्यायच्या तर इथूनच घ्यायच्या असा नियम, शाळांच्या सहलींना ठरलेलं मानधन, एवढ्याने सुद्धा फरक पडेल. परदेशी पाहुण्याला प्लास्टिकच्या पेटीतला मावळा देण्यापेक्षा तर नक्कीच बरं.

एसटीबद्दल एकच. स्वारगेटहून वेल्ह्याला, आता राजगड तालुका म्हणायचं, गाडी आहे. पण मार्गासनीला उतरून पुढे पायथ्याला जायचं तर वडाप (माणसं भरली की निघणारी खासगी जीप) नाहीतर चालत. बायकांना अर्धं तिकीट केलंत, फार चांगलं केलंत, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करू? शनिवार-रविवारी पहाटे एक आणि संध्याकाळी एक अशी थेट गाडी सोडली तर खासगी बसचा खर्च नसलेला कॉलेजचा पोरगा येईल, आणि तो गावातच जेवेल, कारण त्याच्याबरोबर पॅक जेवणाचा टेम्पो नसतो. आमच्यासाठी तोच खरा पर्यटक.

तर मागण्या अशा आहेत. लिहूनच देते म्हणजे गोंधळ नको.

1. राजगड, लोहगड, शिवनेरी या तिन्ही ठिकाणी पायथ्याच्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन ओळखपत्र आणि ठरलेली जागा मिळेपर्यंत हटवण्याची कारवाई थांबवा. पक्की बांधकामं काढा, त्याला आमची हरकत नाही.

2. पार्किंग, उपद्रव शुल्क, प्रवेश शुल्क, पुढे रोपवे झाला तर त्याचं तिकीट, या सगळ्यातला ठरावीक हिस्सा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात, आणि तो संडास, कचरा आणि पाणी यावरच खर्च झाला की नाही हे दर ग्रामसभेत वाचून दाखवा.

3. परवानगीसाठी तालुक्याला एकच खिडकी. अर्ज मराठीत, एका पानाचा. दोन-तीन खोल्यांच्या होमस्टेला घर एकत्र कुटुंबाचं असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला आणि बचत गटाची हमी कर्जाला पुरेशी धरा. वीज घरगुती दराने की कमर्शियल ते लेखी स्पष्ट करा, आम्हाला प्रत्येक जण वेगळं सांगतो.

4. गाइड आणि जीवरक्षकांचं प्रशिक्षण गावात, मराठीत, पावसाळ्याच्या आधी, आणि त्या काळातली मजुरी बुडते ती भरून द्या.

5. दर वर्षी तालुक्याचा हिशोब जाहीर करा. पर्यटक किती आले हे एका ओळीत, आणि स्थानिक किती जणांना काम मिळालं, त्यात बायका किती, किती महिने, सरासरी किती रुपये, हे बाकीच्या पानावर. बजेटमध्ये 50 ठिकाणं राज्यांबरोबर मिळून विकसित करणार म्हणालात ना, त्यांची निवडही याच आकड्यांवर करा.

6. वारसा किल्ल्यांच्या व्यवस्थापनाच्या समित्यांवर पायथ्याच्या गावांतल्या दोन महिला, त्यातली एक तरी विक्रेती. नुसती सही घ्यायला नको, अजेंडा आधी हातात पडला पाहिजे.

यातलं काहीच फार खर्चिक नाही. जागतिक वारशाच्या बोर्डाला आणि प्रकाशझोताला जेवढे पैसे लागतात त्याच्या आतच होईल असं मला वाटतं, अर्थात तुमची टेंडरं मी बघितलेली नाहीत.

काही जण म्हणतील की गावातले लोकही काही कमी नाहीत, पाण्याची बाटली दुप्पट किमतीला विकतात, पार्किंगला पावतीच देत नाहीत, कचरा दरीत टाकतात. म्हणतात ते काही ठिकाणी खरं आहे. पण ज्याला उद्या इथे बसू देतील की नाही हेच माहीत नाही तो आजच्या आज जेवढं मिळेल तेवढं ओरबाडणार. जागा पक्की करा, दरपत्रक लावायला सांगा, आणि मग जो लुबाडेल त्याचं ओळखपत्र रद्द करा, आम्ही टाळ्या वाजवू.

आमची ग्रामपंचायत याच विषयावर विशेष ग्रामसभा बोलावतेय, तारीख पक्की झाली की पत्र तुमच्याकडे येईलच. तुमच्यापैकी कुणीतरी यावं. मोठ्या साहेबांनी यायला पाहिजे असं नाही, ज्याला निर्णय घेता येतो असा माणूस पाठवा, आणि शक्यतो सकाळी, कारण दुपारी बायका कामात असतात आणि त्या नसल्या तर त्या सभेला अर्थ नाही. येताना आराखडा घेऊन या, मराठीत, नकाशासकट. येणं जमणार नसेल तर उत्तर लेखी द्या, आणि ते मला नको, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवा.

आपली,
धायरी, पुणे इथली एक ट्रेक गाइड आणि पायथ्याच्या गावची माहेरवाशीण